मागच्याच्या चाकाखाली

रेडिओवर इल्पोचा आवाज आला तेव्हा मेर्वीच्या मशीनच्या पंजात स्प्रूसचं एक जाडजूड झाड आडवं होतं.

"मेर्वी, फांद्या वाटेत टाकू नकोस. बाजूला ढीग लाव. कालही सांगितलं होतं."

 पंजाच्या मुंडक्यातल्या दातेरी रुळांनी खोड पुढं ओढलं, सुऱ्यांनी फांद्या खरवडून काढल्या, आणि त्या सगळ्या हिरव्या फांद्या तिच्या चाकांपुढं, बरोबर वाटेच्या मधोमध पडल्या. करवत फिरली. एक ओंडका, दुसरा ओंडका, मग शेंड्याकडचा बारीक तुकडा. उरलेला शेंडा तिनं मुद्दाम उचलून फांद्यांवर आडवा ठेवला. मग बटण दाबून म्हणाली, "ऐकलं."

"ऐकलंस म्हणजे करणार ना?"

"ऐकलं म्हणाले मी."

मी मागं माझ्या लाकूडगाडीत बसून हसू दाबत होतो. आमच्या घरात 'ऐकलं'चा अर्थ काय होतो हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. इल्पोला अजून कळायचं होतं. इल्पो म्हणजे या दोन्ही मशिनींचा मालक. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा, आणि तेव्हाही निम्म्याहून जास्त बाक त्याला लागायचा.

काम असं असतं. मेर्वीचा प्रोसेसर पुढं चालतो. झाड धरतो, कापतो, आडवं करतो, फांद्या उतरवतो, मापाचे तुकडे पाडून बाजूला मांडतो. मी मागून येतो, ते तुकडे क्रेननं उचलून गाडीत भरतो आणि रानाबाहेर रस्त्याकडेला नेऊन थप्पी लावतो. तिचं मशीन काही हलकं नाही, पण माझी गाडी भरली की तिच्यापेक्षा जड होते. म्हणून ओलीतून जाताना पुढच्यानं मागच्याच्या चाकाखाली अंथरायचं, ही फिनलंडातल्या आमच्या कायनू भागातली रीत. कुणी ठरवली ते कुणाला माहीत नाही. स्कीवरून रानात जाताना पुढचा माणूस भुसभुशीत बर्फात वाट पाडतो, दमला की बाजूला सरून रांगेच्या शेवटी जातो, तसंच हे.

त्यात यंदाच्या हिवाळ्यानं आमचा घात केला होता. थंडी यायच्या आधीच बर्फ येऊन बसला. जमिनीवर अशी जाड गोधडी पडल्यावर खालची दलदल कशाला गोठते? ती आपली उबेत झोपलेली. आम्ही दोघांनी पायांत बर्फाचे जाळीजोडे बांधून सगळी वाट तुडवून काढली, थंडी खाली उतरावी म्हणून. मांड्या भरून आल्या, मेर्वीचा गुडघा सुजला. पण थंडीच नाही तर उतरणार काय? फेब्रुवारी लागला तरी पागोळ्या ठिबकत होत्या.

या जागेला आमच्याकडं नोत्को म्हणतात, म्हणजे खोलगा. दोन टेकाडांच्या मधली ओल आणि तीवर दाट स्प्रूस. जंगल चांगलं आहे, पण बाहेर यायला एकच अरुंद पट्टी. दोन्ही बाजूंना उघडी दलदल, मधून ही पट्टी. तिला आम्ही गळा म्हणतो. दोन हिवाळ्यांपूर्वी याच गळ्यात मेर्वीचा मोठा भाऊ कौक्को गाडीसकट खाली गेला होता.

*

संध्याकाळी घरी आलो तेव्हा कौक्को चुलीपाशी होता. तो आमच्याकडंच राहतो. राय धान्याच्या पिठाच्या वाट्या वळून त्यांत बटाटा आणि लाल आंबट बेऱ्या भरायच्या आणि भट्टीत भाजायच्या, हे काम त्याच्याइतकं सुबक आमच्या आईलाही जमत नव्हतं. डाव्या पायात तो लोकरीचा मोठा मोजा घालतो, आत कापूस कोंबून. त्या पायाची तीन बोटं नोत्कोनं खाल्ली.

"दाजी, बूट बाहेर," तो मला म्हणाला. "मी आत्ताच पुसलंय."

"मेव्हणे, तुम्हाला सासू मिळाली नाही म्हणून तुम्हीच सासू झालात."

"तिचे पण बाहेर."

मेर्वी बूट काढून बाकावर बसली. तिनं हात पुढं करून पाहिले. दिवसभर खटके दाबून तिचे अंगठे संध्याकाळी वाकत नाहीत. कौक्कोनं गरम पाण्याचं भांडं तिच्यापुढं सरकवलं. तिनं दोन्ही हात त्यात बुडवले.

"इल्पो काय म्हणतो?" त्यानं विचारलं.

"फांद्या हव्यात त्याला. शहरातल्या भट्टीला देणार आहे. तिथं जाळून घरं तापवतात."

"कुठल्या फांद्या?"

"नोत्कोतल्या."

कौक्को भट्टीकडं वळला. लाकडी फळी आत सारली, एक वाटी बाहेर ओढली, तिचा तळ बोटानं वाजवून पाहिला. दोन हिवाळ्यांपूर्वी त्याची गाडी गेली त्या दिवशीही असंच झालं होतं. दुपारच्या पाळीला प्रोसेसरवर ओस्सी होता. इल्पोनं त्याला सांगितलं, फांद्या बाजूला लाव, आणि त्यानं लावल्या. नीट, एकसारखे ढीग. मागून कौक्को भरलेली गाडी घेऊन गळ्यावर आला आणि उघड्या बर्फावरून गेला. एक चाक बसलं, मग सगळी गाडी कुशीवर गेली, मग केबिनच्या खिडकीपर्यंत काळं पाणी आलं. तो छताच्या झडपेतून वर आला आणि ओल्या बुटांनी टपावर बसून राहिला. मदत यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बोटं गोठून गेली.

ओस्सी त्यानंतर एकदाही या घरी आला नाही. दवाखान्यात नाही, इथं नाही. प्रोसेसर मात्र तो आणि मेर्वी अजून वाटून चालवतात. सकाळ तिची, दुपार त्याची. पाळी बदलताना जेवढी भेट होईल तेवढीच. एरवी एकमेकांची ओळख ती त्या खुर्चीतून. तो खुर्ची मागं सारतो, ती पुढं ओढते. तो चघळायच्या खारट काळ्या गोळ्यांचे कागद केबिनमध्ये टाकून जातो, ती शिव्या घालत उचलते. एकदा तिच्या खिशात तशी एक गोळी मला सापडली.

"ही काय?" मी विचारलं होतं.

"गोळी."

"त्याची?"

"खुर्चीत पडली होती. चांगली लागते."

मला ते आवडलं नव्हतं आणि मी तसं बोललोही होतो. ज्याच्या हातून मेव्हण्याची बोटं गेली त्याच्या गोळ्या आमच्या घरात चघळायच्या नाहीत. त्यावर ती म्हणाली होती, "ऐकलं."

"मग काय करणार?" कौक्कोनं आता तिला विचारलं. पाठमोराच होता.

"काय करणार म्हणजे? टाकणार वाटेत. हेइमो मागं आहे ना माझ्या."

हेइमो म्हणजे मी. आपल्या बायकोनं आपलं नाव असं भांड्यात हात बुडवून, कुणाकडं न बघता घ्यावं, याहून जास्त मला आयुष्यात काही नको होतं. पण ते बोलून दाखवायची आमच्याकडं पद्धत नाही. मी गरम वाटी उचलली आणि तोंड भाजून घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी इल्पो स्वतः आला. मी भरलेली गाडी घेऊन गळ्यावरून येत होतो. पुढची चाकं फांद्यांवर चढली की आधी कडकड आवाज येतो, मग सगळं थोडं दबतं, आणि मग फांद्यांमधून पाणी वर येतं, चहासारखं तांबूस. ते आलं की पाय हलवायचा नाही. वेग वाढवायचा नाही, कमी करायचा नाही. श्वाससुद्धा मी तिथं बेतानं घेतो. रस्त्याला लागून गाडी रिकामी केली, थप्पी लावली, तरी बगलेत घाम होता.

इल्पो पिवळं जाकीट घालून उभा होता. हातात लांब लोखंडी सळई.

"उतर खाली," तो म्हणाला.

उतरलो. त्यानं वाटेच्या कडेला सळई खुपसली. बर्फातून गेली, एका ठिकाणी टणक लागली, ठक्क झालं.

"ऐकलंस? गोठलंय."

"जरा जोर लाव."

त्यानं माझ्याकडं बघत जोर लावला. ठक्क झालेलं तुटलं आणि सळई मुठीपर्यंत आत गेली. तो खाली वाकला तसाच राहिला क्षणभर. मग सळई ओढून काढली आणि जाकिटाला पुसली.

"हेइमो, मला कळत नाही का? मला काय डोळे नाहीत? पण मी भट्टीवाल्यांना शब्द दिलाय. नोत्कोतून एवढ्या फांद्या देतो म्हणालोय. थंडी येईल, हवामानवाले सांगतायत."

"ते तर नाताळपासून सांगतायत."

"तुझ्या बायकोला समजाव."

"तू समजाव. तुझा पगार घेते, माझा नाही."

त्यानं रेडिओ तोंडाशी नेला. त्याला दुसरंच सुचलं. माझ्या क्रेनकडं बोट करून म्हणाला, "असं कर. तू परत जाशील ना, तेव्हा गळ्यावरच्या फांद्या उचलून घे. वरच्या वर. निम्म्या घे. गाडी रिकामीच आहे तुझी."

म्हणजे बायकोनं माझ्यासाठी अंथरलेलं मीच माझ्या हातानं उचलायचं. आणि ती पलीकडून बघणार. अंगणात चार माणसांसमोर कानाखाली बसावी तसं झालं मला. आम्ही दोघं एका बाकावर बसलो होतो, पोहायला एका तळ्यात शिकलो होतो, आणि हा मला हे सांगत होता.

"क्रेन बिघडलीय," मी म्हणालो.

"आत्ता तर थप्पी लावलीस."

"आत्ताच बिघडली. तेल गळतंय."

"कुठं गळतंय?"

"आतल्या आत."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी पण त्याच्याकडं बघत राहिलो. मग मी गाडीत चढून रिकामी गाडी परत घेऊन गेलो. गळ्यावरून जाताना क्रेन नीट घडी घालून मागं ठेवली, आणि पलीकडं मेर्वीच्या मशीनशेजारी थांबून दार उघडलं.

"काय म्हणाला?" तिनं खाली बघत विचारलं.

सांगितलं. ती हसली नाही. तिनं मशीनचं मुंडकं खाली टेकवलं, इंजिन तसंच चालू ठेवलं.

"क्रेन बिघडली म्हणालास?"

"आतल्या आत."

"बरं," ती म्हणाली. "आता मी त्याला सरळ सांगते. तुझं तेल गळायला नको."

तिनं रेडिओ घेतला. "इल्पो, मी मेर्वी. नीट ऐक. या नोत्कोतली एक फांदी तुला मिळणार नाही. शेंडा नाही, काटकी नाही. सगळं वाटेत जाणार. बाकी लाकूड तुझं."

रेडिओ खरखरला.

"ओस्सी करेल मग," इल्पोचा आवाज आला. चिडका नव्हता, थकलेला होता. "मशीन माझं आहे, मेर्वी."

"मशीन तुझं. वाट माझी. मी तुडवलीय."

*

दुपारी ओस्सी आला. उंच, वाकलेला माणूस, टोपीखाली कान लाल. रस्त्यापासून तो वाटेनं चालत आला, पाठीवर पिशवी, आणि मशीनपासून दहा पावलांवर थांबला. पाळी बदलताना जाणाऱ्यानं खाली उतरायचं, किल्ली हातात द्यायची आणि थर्मासमधल्या कॉफीचा शेवटचा घोट येणाऱ्याला टोपणात ओतून द्यायचा, हे इथं सगळेच करतात, एकमेकांशी बोलणं नसलं तरी.

मेर्वी उतरली नाही. ती झाडं कापत राहिली.

ओस्सी उभा राहिला. मग एका ओंडक्यावरचा बर्फ झाडून त्यावर बसला. पिशवीतून स्वतःची कॉफी काढली. मी गाडी भरत होतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होतो. मला वाटत होतं, हा आता इल्पोला फोन करणार. दोन्ही पाळ्या मिळाल्या तर कुणाला नको आहेत? मनातल्या मनात मी त्याला दोनचार चांगल्या शिव्या घालून ठेवल्या, लागतील तेव्हा असाव्यात म्हणून.

मेर्वीनं मशीन वळवलं आणि गळ्याकडं नेलं. तिथं झाडं थोडी आहेत, म्हणून तिनं आतल्या बाजूनं मोठ्या स्प्रूसांचे शेंडे पंजात धरून आणले, दोन दोन, तीन तीन, आणि वाटेवर आडवे रचले. त्यावर फांद्या. त्यावर परत शेंडे, उलट दिशेनं. आमच्या आज्या रायचा पेंढा छपरावर असाच घालायच्या. दिवस मावळायला लागला. बर्फ निळा दिसू लागला. ओस्सीची कॉफी संपली, तो उठला, पाय आपटले, परत बसला. त्यानं फोन बाहेर काढला नाही.

गळा पुरा झाल्यावर मेर्वीनं इंजिन बंद केलं. शिडीवरून उतरताना तिचा गुडघा एकदा दगा देऊन गेला, तिनं कठडा धरला. मग ती ओस्सीपुढं जाऊन उभी राहिली आणि किल्ली पुढं केली. थर्मासमधली कॉफी मात्र तिनं ओतली नाही. माझ्या जिवाला गार वाटलं.

ओस्सीनं किल्ली घेतली. "गुडघा?" तो म्हणाला.

"माझा आहे," मेर्वी म्हणाली.

रस्त्यावर इल्पो गाडीत बसला होता. काच खाली करून म्हणाला, "उद्या येऊ नकोस. दोन्ही पाळ्या ओस्सी करेल. हेइमो, तू ये. लाकूड बाहेर काढायचंय."

मी म्हणणार होतो की मीही येत नाही. मेर्वीनं माझ्या दंडाला हात लावला.

"येईल तो," ती म्हणाली. "मी पण येईन."

"कशाला?"

"बघायला. रान कुणाच्या बापाचं नाही. बघायला कुणीही येतं."

खरं तर रान गावातल्या लेम्पीआजीचं होतं, इल्पोचं नव्हे. पण लेम्पीआजी काही बोलली नसती.

*

त्या संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवला. कौक्कोनं लाकडं आधीच रचून ठेवली होती. मेर्वी वरच्या फळीवर बसली, सुजलेला गुडघा लांब करून. मी दगडांवर पाणी मारलं. वाफ कानाला चावली. खांद्यापासून मनगटापर्यंत तिचे स्नायू खटके दाबायच्या सवयीनं आपोआप आखडत होते, झोपेतही आखडतात. मी खालच्या फळीवरून तिच्या पोटऱ्यांवर बर्चच्या डहाळ्यांची जुडी हळूहळू मारत होतो.

"राग आला का तुला?" तिनं विचारलं.

"कशाचा?"

"खुर्ची घालवली म्हणून."

"खुर्चीत आहे काय? इल्पोच्या खुर्चीला काय सोनं लागलंय?"

"मला आवडते ती खुर्ची," ती म्हणाली. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता. "सकाळी अंधारात वर चढते, दिवे लावते, आणि सगळं रान समोर उभं राहतं. कुणी बोलत नाही. मी सांगेन तसं झाड येतं. घरात, गावात, दुकानात असं कुठंय? म्हणून विचारलं."

 मी आणखी पाणी मारलं, जरा जास्तच. ती ओरडली, मग हसली.

"राग मला त्या लंबूचा आलाय," मी म्हणालो. "बसला होता कसा कावळ्यासारखा. उद्या ढीग लावील बघ, पहिल्यासारखे, फूटपट्टी लावून."

"लावील," मेर्वी म्हणाली.

बाहेरून दारावर टकटक झालं. कौक्को दाराबाहेर उभा होता, आत न येता बोलला. "मी पण येतो उद्या."

 दोन हिवाळे तो रानाच्या वाटेकडं तोंड करून उभा राहिला नव्हता. मासे धरायला तळ्यावर जायचा तरी गावातून वळसा घालून जायचा.

"कशाला रे दादा?" मेर्वीनं विचारलं.

"बघायला," तो दाराबाहेरून म्हणाला. "बघायला कुणीही येतं म्हणालीस ना?"

*

सकाळी आम्ही तिघं गेलो. कौक्को पुढच्या सीटवर, काठी गुडघ्यांमध्ये. आभाळ राखाडी, वारा नाही, थंडी नाहीच. रस्त्याकडेला इल्पोची गाडी उभी होती आणि तो थप्पीपाशी फोनवर बोलत होता. कौक्कोला उतरताना बघून त्याचा आवाज खाली आला. त्यानं फोन खिशात टाकला आणि काही तरी बोलायला तोंड उघडलं. कौक्को त्याच्याकडं न बघता बर्फाचे जाळीजोडे बांधायला लागला.

मी गाडी घेऊन आत गेलो. गळ्याच्या पलीकडं, जिथं मेर्वीची वाट संपली होती तिथून पुढं ओस्सीचं काम सुरू व्हायचं होतं. तो मशीनमध्ये बसला होता. दिवे लावलेले, इंजिन चालू, पण मुंडकं हवेत तसंच लटकलेलं. कधीपासून बसला होता कोण जाणे. मागून मेर्वी आणि कौक्को चालत आले, आणि त्यांच्या मागून इल्पो.

मग मुंडकं हललं. एका स्प्रूसच्या बुंध्याशी गेलं, पंजा बंद झाला, करवत फिरली. झाड आडवं आलं.  ओस्सीनं झाड बाजूला नेलं, ढीग लागायचा त्या बाजूला. माझ्या तोंडात शिवी आली. तो थांबला. मशीनचा हात तसाच अधांतरी. मग त्यानं झाड हळूच परत आणलं, चाकांपुढं, वाटेच्या बरोबर मध्यावर, आणि रूळ फिरले. सगळ्या फांद्या वाटेत पडल्या.

"ओस्सी," इल्पो रेडिओवर म्हणाला. तो माझ्या गाडीशेजारीच उभा होता, त्यामुळं मला दोन्हीकडून ऐकू आलं. "ओस्सी, आपलं काय ठरलं होतं?"

ओस्सीनं दुसरं झाड धरलं. फांद्या वाटेत. तिसरं झाड. शेंडा त्यानं उचलून आडवा ठेवला, मेर्वी ठेवते तसाच.

"ओस्सी, मी तुझ्याशी बोलतोय."

तेव्हा त्याचा आवाज आला, नाकातला, घोगरा. इतक्या वर्षांत त्याचं एवढं लांब बोलणं मी ऐकलं नव्हतं. "मागच्या वेळी मी तुझं ऐकलं," तो म्हणाला. "आता नाही ऐकत."

त्यानंतर इंजिन बंद झालं. तो शिडीवरून उतरला. टोपी काढून हातात धरली, परत घातली. कौक्कोच्या पायाकडं त्यानं बघितलं, तोंडाकडं नाही. मग मेर्वीकडं आला आणि किल्ली पुढं केली. किल्लीबरोबर कागदात गुंडाळलेली एक काळी गोळी होती.

"माझी पाळी दुपारची," तो इल्पोला म्हणाला. "सकाळ हिची आहे. दुसरा माणूस बघायचा असला तर बघ."

दुसरा माणूस कुठं होता? फेब्रुवारीत मशिनीवरचा माणूस सगळ्या फिनलंडात मोकळा सापडत नाही. इल्पो त्या फांद्यांकडं बघत उभा राहिला. मला क्षणभर त्याची दया आली, पण क्षणभरच.

"भट्टीवाल्यांना मी काय सांगू?" तो म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाच ठाऊक.

"सांग, चिखलात पडल्या," मेर्वी म्हणाली. तिनं गोळी तोंडात टाकली, सगळ्यांसमोर, माझ्याकडं बघत. मग पिशवीतून थर्मास काढून टोपणात कॉफी ओतली आणि ओस्सीला दिली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली.  काल रचून ठेवलेल्या शिव्या कुणाला द्यायच्या ते मला कळत नव्हतं.

मेर्वी शिडी चढली. खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज खालपर्यंत आला.

मी गाडी भरली. काठोकाठ भरली. पाठीवरचं वजन एरवी मला जाणवत नाही, त्या दिवशी जाणवलं. गळ्याच्या तोंडाशी पोचलो तर कौक्को तिथं उभा. वाटेच्या मधोमध, फांद्यांवर, काठी टेकून.

"बाजूला हो," मी दार उघडून म्हणालो.

तो झाला नाही. त्यानं जाळीजोडे काढले आणि काखेत धरले. मग दोन बोटांचा तो डावा पाय उचलला आणि फांद्यांवर जोरानं आपटला. एकदा, परत एकदा. फांद्या दबल्या, तांबूस पाणी वर आलं, बुटाच्या कडेला लागलं आणि तिथंच थांबलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. ओठ घट्ट मिटले होते. त्यानं तिसऱ्यांदा पाय आपटला, दलदलीला जागं करायला निघाल्यासारखा.

"धरतंय," तो म्हणाला.

आणि वळून चालायला लागला. मी पहिल्या गिअरमध्ये त्याच्या मागं गाडी सोडली, चांगलं अंतर ठेवून. चाकाखाली फांद्या कडकडल्या, सगळं दबलं, पाणी आलं. तो लंगडत होता, काठी दर पावलाला फांद्यांत अडकत होती, ती तो हिसका देऊन काढत होता. मागं मेर्वीच्या करवतीचा आवाज सुरू झाला. मध्यावर, जिथं त्याची गाडी गेली होती तिथं, तो थांबेल असं मला वाटलं. तिथं त्यानं नुसती मान ताठ केली.

रीतीप्रमाणे पुढचा दमला की त्यानं बाजूला व्हायचं असतं. तो दमला होता, पाठीवरून दिसत होतं. पण रस्ता येईपर्यंत तो माझ्या पुढंच चालत राहिला.